'करलं' त्याला कुणी शिकवलं?

साताऱ्याहून एका आजींचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देते.

"मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवून निवृत्त झाले. नातू सव्वातीन वर्षांचा आहे. अडीच वर्षांचा होता तेव्हा 'मी केलं', 'बाबा गेला' असं स्वच्छ बोलायचा. गेले चार महिने सगळं बिघडलंय. 'मी करलं', 'बाबा जाला', 'बॉल पाणीत पडला'. त्यात मुलगा असून 'मी येते', 'मी जाते' म्हणतो. परवा म्हणाला, 'आजी, मावशीने माझा चेंडू लपवला, तू आण.' एवढं लांबलचक बोलतो आणि साधं 'केलं' येत नाही! सांभाळायला येणाऱ्या मावशी खेड्यातल्या आहेत. त्यांचंच वळण लागलं असणार, म्हणून मी त्यांना म्हणलं, त्याच्यासमोर जरा कमी बोलत जा. मी स्वतः त्याची प्रत्येक चूक सुधारते. गेल्या आठवड्यात मी म्हणलं, 'आधी केलं म्हण, मग बिस्कीट.' तर तोंड फिरवून म्हणाला, 'आजी, तू बोलू नको.' आता माझ्याजवळ येऊन पूर्वीसारखं बोलत नाही. सूनबाई म्हणते, सोडून द्या, आपोआप येईल. पण पाया कच्चा राहिला तर पुढे काय?"

बाई,

(३१ वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेल्या व्यक्तीला काकू म्हणणं मला जमायचं नाही.)

आधी मीच एक विचारते. 'करलं' हा शब्द तुमच्या घरात कोण बोलतं? तुम्ही तर नाहीच. मुलगा-सून नाहीत. मावशींचं बोलणं मी ऐकलेलं नाही, पण तुमच्या भागातल्या बाईच्या तोंडून 'क्येलं' येईल, 'केलंया' येईल, 'करलं' काही यायचं नाही. शेजारीपाजारी कुणी असं बोलत नाही, टीव्हीवरही नाही. मग सव्वातीन वर्षांच्या पोराच्या कानावर तो पडला कुठे?

कुठेच पडलेला नाही. त्याने तो घरी बसून तयार केलाय. बस-बसलं, पड-पडलं, उठ-उठलं, तोड-तोडलं, लपव-लपवलं, असं तो दोन वर्षं ऐकतोय. त्यातून त्याच्या ध्यानात आलं की होऊन गेलेली गोष्ट सांगायची तर शब्दाला मागून 'ल' जोडायचा आणि त्याचं टोक ला-ली-लं असं फिरवायचं. मग कर-करलं, जा-जाला. त्याच्या हिशेबात चूक नाही. घोळ मराठीचा आहे. करणे, जाणे, येणे, देणे, घेणे, खाणे, होणे, सांगणे, मागणे ही दिवसभर लागणारी क्रियापदं घ्या आणि त्यांचा भूतकाळ करून बघा: केलं, गेलं, आलं, दिलं, घेतलं, खाल्लं, झालं, सांगितलं, मागितलं. एकही सरळ नाही. आणि ती वाकडी राहिलीत ती फार वापरात आहेत म्हणूनच. 'केलं' पोराच्या कानावर इतक्यांदा आदळतं की शेवटी 'करलं'ला माघार घ्यावी लागते. वर्षातून चारदा लागणारं क्रियापद वाकडं असतं, तर काही पिढ्यांत मुलांनी ते ठोकून सरळ केलं असतं.

आता तुमची खरी धास्ती: आधी बरोबर बोलायचा, आता चुकतो, म्हणजे मागे चाललाय. तुम्ही पाढे शिकवलेत, त्यावरून बघा. बे चोक आठ घडाघडा म्हणणारा पोरगा चुकत नाही, कारण तो काही करतच नसतो, ऐकलेलं म्हणून दाखवतो. गुणाकार म्हणजे काय हे ज्या दिवशी उमजतं, त्या दिवसापासून तो स्वतः करून बघायला लागतो आणि चुकायला लागतो. अडीच वर्षांचा असताना तुमच्या नातवाचं 'केलं' हे पाठांतर होतं. 'केलं'चा 'कर'शी काही संबंध आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. आता तो संबंध कळलाय.

मुलं खरंच नियम काढतात, नुसती नक्कल करत नाहीत, हे १९५८ साली अमेरिकेत जीन बर्को या संशोधिकेने फार सोप्या युक्तीने दाखवलं. तिने चार ते सात वर्षांच्या मुलांना पाखरासारख्या एका प्राण्याचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, हा 'वग'. मग दोघांचं चित्र दाखवून विचारलं, आता हे दोन काय? मुलं म्हणाली, 'वग्झ'. 'वग' हा शब्द बर्कोबाईंनी स्वतः रचलेला. तो कुणी ऐकलेलाच नव्हता, तर त्याचं अनेकवचन कुठून ऐकणार? घरी करायचं असेल तर जुन्या मोज्याला बटणाचे डोळे लावा आणि त्याचं नाव ठेवा 'किबडा'. दुसरा मोजा आणून विचारा, आता हे दोन काय झाले? आज ना उद्या 'किबडे' येईल. चार-पाच वर्षांचा झाला की 'किबड्याला भूक लागली' असंही म्हणेल. फक्त खेळ म्हणून करा. आपल्यासारख्यांच्या हातात खेळाची परीक्षा व्हायला वेळ लागत नाही. माझी आई शिक्षिका होती, त्यामुळे मला हे चांगलंच ठाऊक आहे.

'पाणीत'चंही तसंच. त्याला 'बाटलीत', 'गादीत' नीट येत असणार, ऐकून बघा. बाटली-बाटलीत, गादी-गादीत, तर पाणी-पाणीत. आता पाणी नपुंसकलिंगी, म्हणून त्याचं सामान्यरूप 'पाण्या' होतं आणि बाटली स्त्रीलिंगी, म्हणून ती आहे तशी राहते, ही भानगड त्याला कोण समजावणार? मोरो केशव दामल्यांनी १९११ साली मराठीचं जाडजूड व्याकरण लिहिलं. त्यातही सामान्यरूपाचा निकाल दोन ओळींत लागलेला नाही. तुमचा नातू न वाचता त्याच्या अर्ध्या वाटेवर पोचलाय.

आणि बाई, तुमच्या पत्रातलंच एक वाक्य तुम्ही फार लवकर सोडून दिलंत. 'मावशीने माझा चेंडू लपवला, तू आण.' लाल पेन बाजूला ठेवून हे वाक्य परत वाचा. मावशी बाई, चेंडू पुल्लिंगी. 'लपवला' हे क्रियापद चेंडूच्या मागे गेलंय, मावशीच्या मागे गेलेलं नाही. हा कर्मणी प्रयोग. मावशीला 'ने' लागलाय. पुढच्या 'तू'ला लागलेला नाही, कारण तिथे तो लागतच नाही, आणि त्यात आज्ञार्थ आहे. चेंडू पुल्लिंगी म्हणून 'माझा' आहे, 'माझी' किंवा 'माझं' नाही. कर्तरी आणि कर्मणी ओळखायला लावल्यावर वरच्या वर्गातली मुलं कशी घाम पुसतात ते तुम्ही पाहिलंय. तीच मुलं तीन वर्षांची असताना हे न विचारता करत होती. शाळेत अडते ती प्रयोगांची नावं. प्रयोग त्यांना घरातूनच येत असतो.

तो दिवसभर चुकतो असं तुम्हाला वाटतं, कारण कान चुकांनाच लागलेत. इंग्रजी बोलणाऱ्या ८३ मुलांच्या बोलण्याच्या नोंदी १९९२ साली गॅरी मार्कस आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. 'करलं'सारख्या चुकांचं प्रमाण शंभरात दोन-तीनच्या आसपास निघालं. मराठीची वाकडी क्रियापदं वेगळी आहेत, तुमचा नातू वेगळा आहे. तेव्हा एक वही घ्या, दोन रकाने आखा आणि एक पूर्ण दिवस, त्याला न टोकता, वाकड्या क्रियापदांची बरोबर रूपं एकीकडे आणि बनवलेली दुसरीकडे अशा रेघा ओढा. वहीतला आकडा तुमच्या पत्रावरून वाटतो त्याहून बराच वेगळा येईल, असा माझा अंदाज आहे.

'मी येते'चा मामला मात्र वेगळा आहे. मला तो सगळ्यात गमतीचा वाटतो.

त्याच्या कानाने दिवस ऐकून बघा. आई म्हणते, 'मी जाते हं ऑफिसला.' तुम्ही म्हणता, 'मी पोळी करते.' मावशी 'मी', बालवाडीतल्या ताई 'मी', सगळ्या बायका. 'मी'च्या मागून 'ते' येतं, असं कोणीही म्हणेल. आता त्याच्याविषयी लोक काय बोलतात ते ऐका. 'बाळ जेवलं का?' तिथे तो नपुंसकलिंगी. 'जेवलास का रे?' तिथे पुल्लिंगी. आणि शेजारी बसून आई म्हणते, 'मी जेवले.' एकाच जेवणाची तीन लिंगं. त्यात आपल्याकडे मुलीलाही लाडाने 'ये रे राजा' म्हणायची पद्धत. या गोंधळातून त्याला शोधून काढायचंय की 'मी'पुढचं क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे बदलतं, आणि म्हणून आई जे म्हणते ते स्वतः म्हणायचं नाही. बरं, पुरावाही अर्धवट. 'मी लाडू खाल्ला' आई आणि बाबा सारखंच म्हणतात. फरक दिसतो तो येतो-येते, आलो-आले असल्या ठिकाणी, आणि तिथे 'मी' म्हणणारा पुरुष त्याला दिवसातून किती वेळ भेटतो? त्याच वयाच्या मुलींना हे कोडं फुकटात सुटतं. आईची नक्कल केली की उत्तर बरोबर.

यावर उपाय बाबाने करायचा. रोज रात्री दहा मिनिटं त्याने आपला दिवस सांगावा: मी उठलो, गाडीवर बसलो, भिजलो, घसरलो, हसलो. व्याकरण म्हणून सांगू नये, फजिती म्हणून सांगावी. आणि काऊचिऊची गोष्ट तुम्ही सांगत असालच. तिच्यात एक खोड आहे, सगळं बोलणं चिऊचं. बाळाला अंघोळ घालते, काजळ लावते, 'ते' 'ते' 'ते'. कावळ्याला दारात उभं राहून दार उघड, दार उघड एवढंच. त्याला जरा बोलू द्या. 'चिऊताई, मी भिजलो, मी गारठलो, मी आता शिंकतो!' त्याच्याकडून कावळा वदवून घ्या, तुम्ही चिऊ व्हा.

'तू काय मुलगी आहेस का?' असं हसत हसत कुणी विचारत असेल, तर तेवढं मात्र ताबडतोब बंद करा. त्यातून त्याला क्रियापद कळणार नाही, आपलं काहीतरी हसण्यासारखं आहे एवढंच कळेल. तुमच्यापासून दोन-अडीच तासांवर कोल्हापूर आहे. तिथल्या कित्येक बायका आजही 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात आणि त्यांच्यासमोर आवाज चढवायची कुणाची हिंमत होत नाही.

आता टोकण्याविषयी. याचा एक जुना किस्सा आहे. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकनील यांनी १९६६ साली तो नोंदवला. एक मूल आईला म्हणालं, 'नोबडी डोन्ट लाइक मी.' आई म्हणाली, असं नाही, 'नोबडी लाइक्स मी' म्हण. मूल पुन्हा तेच म्हणालं. आईने पुन्हा सुधारलं. असं आठ वेळा झालं. शेवटी आई म्हणाली, आता नीट ऐक, 'नोबडी लाइक्स मी.' मुलाच्या डोक्यात प्रकाश पडला. 'ओह! नोबडी डोन्ट लाइक्स मी!' एक 'स' तेवढा मिळाला. मला मात्र दर वेळी वाटतं, मूल सांगत होतं की मी कुणालाच आवडत नाही, आणि बाई क्रियापद बघत बसली.

हार्वर्डच्या रॉजर ब्राउन यांनी अ‍ॅडम, ईव्ह आणि सारा या तीन मुलांचं घरातलं बोलणं महिनोन्महिने टिपून घेतलं. १९७० साली त्यांनी आणि कॅमिल हॅनलन यांनी पाहिलं की आईबाप कशावर 'बरोबर' म्हणतात आणि कशावर 'चूक'. आई केस कुरळे करत असताना ईव्ह जे बोलली ते व्याकरणाने साफ मोडकं होतं, 'तिला माझे केस कुरळे करते' म्हणावं तसलं. आईने मान डोलावली, कारण गोष्ट खरी होती. एका मुलाने शुद्ध वाक्यात दीपगृहाला गोठा म्हटलं, त्याला 'नाही' मिळालं. आईबाप सुधारतात ते खरंखोटं. व्याकरण कुणी फारसं सुधारत बसत नाही, आणि ती मुलं मोठी होऊन नीट बोलतातच. तुमच्या सूनबाईंनी हे वाचलेलं नसेल, पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

सोडून द्या म्हणजे गप्प बसा असं नव्हे. तो म्हणाला, 'आजी, मी घर करलं.' तर 'केलं म्हण' म्हणू नका, 'अरे वा, तू घर केलंस? कुणाचं केलंस?' म्हणा. 'केलंस' त्याच्या कानावर दोनदा गेलं आणि गप्पाही पुढे सरकल्या. 'बाबा जाला'ला 'हो, गेला ना बाबा. कुठे गेला?' इतकंच. त्याने ते परत म्हणून दाखवायची अट नको. आणि बिस्कीट व्याकरणाला बांधू नका, एकदाही नको. भुकेल्या पोराला भूतकाळ विचारणं बरं नाही.

माझी भाची चार वर्षांची असताना 'मुंगी मरली' म्हणायची. कुणी काही बोललं नाही. काही महिन्यांनी 'मेली' उगवली, पण लगेच स्थिर झाली नाही. मधले दोन-तीन आठवडे 'मेलली' चाललं होतं. जुनंही हवं आणि नवंही हवं. मग एक दिवस तेही गेलं. कधी गेलं ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. तुमच्याकडेही 'करलं' असंच, निरोप न घेता जाईल. पाच-सहा वर्षांपर्यंत एखादं रेंगाळलं तरी हरकत नाही.

पत्रातल्या ज्या गोष्टीने मी खरोखर दचकले, ती 'करलं' नव्हती. तुम्ही मावशींना कमी बोलायला सांगितलंत, ती होती. मुलाला भाषा मिळते ती त्याच्याकडे बघून, त्याच्याशी, त्याला हव्या त्या विषयावर कुणी बोललं की. दिवसाचे सात-आठ तास जी बाई त्याच्याबरोबर असते तिचं तोंड बंद केलंत, तर त्याचा शिधाच कापलात. त्यांचं 'न्हाई' आणि 'व्हय' त्याला लागेल, लागू द्या. तीन वर्षांची मुलं कुणाशी कसं बोलायचं हे माणसागणिक वेगळं ठेवायला शिकतात. पुढे शाळेतली पोरं आणि पुस्तकं आपापला वाटा उचलतील. शिवाय मावशींचा गुन्हाच सिद्ध झालेला नाही, उलट निर्दोष सुटण्याइतका पुरावा तुम्हीच पाठवलाय. उद्या सकाळी त्या आल्या की त्यांना चहा द्या आणि सांगा, मी तेव्हा उगाच बोलले, त्याच्याशी खूप बोला, तुमच्या गावच्या गोष्टी सांगा. हे सांगणं जड जाईल. तरी सांगा.

काळजी कशाची करावी, हेही सांगून ठेवते, तुमच्यासाठी नाही, हे वाचणाऱ्या इतरांसाठी. दोन वर्षं पूर्ण झाली तरी 'दूध दे', 'बाबा आला' असे दोन शब्द जोडत नसेल, येत असलेले शब्द गळायला लागले असतील, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, किंवा तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं घरच्यांनाही बहुतेक कळत नसेल, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणत थांबू नका. आधी कानांची तपासणी करून घ्या. बालरोगतज्ज्ञ पुढची वाट दाखवतील. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाक् आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. तुमचा नातू यातल्या कशातच बसत नाही.

राहिलं 'आजी, तू बोलू नको.' वाक्य बिनचूक आहे, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. त्याचं ऐका. आठवडाभर 'म्हण' हा शब्द त्याच्यासमोर उच्चारू नका. त्याच्याशेजारी बसून मोज्याला बटणं शिवायला घ्या, काही विचारू नका. हे काय करतेस, असं तोच विचारेल.

ता. क. तुमच्या पत्रात दोनदा 'म्हणलं' आलंय. नियमाने 'म्हटलं' हवं. 'म्हण'ला 'लं' लावून झालेलं 'म्हणलं' हे 'करलं'चंच भावंड, फक्त ते अर्ध्या महाराष्ट्राच्या तोंडी रुळलं. छापताना मी ते तसंच ठेवलंय.